बसच्या पूर्ण जाहिराती : पत्रा द्या, खिडक्या राखा

परिवहन संस्थेला पूर्ण बस जाहिरातीने झाकण्याचा प्रस्ताव येतो तेव्हा त्यात खरं तर दोन वेगळ्या वस्तू असतात. पत्र्यावर चिकटणारं विनायल, म्हणजे छापील प्लॅस्टिकचा पातळ थर, आणि काचांवर चिकटणारी बारीक भोकांची फिल्म, जिला बाजारात 'वन वे व्हिजन' म्हणतात. दोन्हींचा दर एकत्र सांगितला जातो, म्हणून दोन्हींचा गुणही सारखाच समजला जातो. तसं नाही. पत्र्यावरचं विनायल जरूर घ्यावं. काचेवरची फिल्म मात्र फक्त मागच्या काचेपुरती घ्यावी.

आधी फिल्मचं बघू. तिला साधारण दीड मिलिमीटर व्यासाची भोकं असतात. तिचे प्रकार आकड्यांनी ओळखतात: ६०/४० म्हणजे ६० टक्के छपाईची जागा आणि ४० टक्के उघडी. ५०/५० आणि ७०/३० हे प्रकारही मिळतात. बाहेरची बाजू पांढरी, तिच्यावर चित्र छापतात. काचेकडची बाजू काळी. दिवसा बाहेर उजेड जास्त असतो, त्यामुळे आत बसलेल्याची नजर त्या काळ्या जाळीत न अडकता बाहेर जाते. अंधार पडून आतले दिवे लागले की हा सगळा हिशेब उलटतो. बाहेरच्याला आतले प्रवासी दिसू लागतात आणि आतल्याला थांब्याची पाटी वाचता येत नाही. पावसात तर भोकांमध्ये पाणी अडकून बसतं आणि काच धुरकट होते. त्यावर पारदर्शक लॅमिनेशन, म्हणजे वरून चिकटवलेला संरक्षक थर, हा उपाय आहे, पण ते काचेवरच्या फिल्मसाठी बनवलेलंच हवं. साध्या लॅमिनेशनमधून सगळं पुसट दिसतं. ज्यांची नजर अधू आहे त्यांना या फिल्मचा त्रास सर्वांत जास्त होतो, आणि खिडकीतून बघूनच उतरायचं ठिकाण ओळखणारे प्रवासी पुष्कळ असतात. जाहिरातीच्या भाड्यासाठी त्यांची खिडकी विकणं आम्हाला पटत नाही.

पत्र्यासाठी विनायल निवडताना 'कास्ट' आणि 'कॅलेंडर्ड' यांतला फरक पक्का माहीत हवा. कास्ट म्हणजे ओतून बनवलेलं, साधारण ५० मायक्रॉन जाडीचं, मऊ आणि आकार धरणारं. कॅलेंडर्ड ७५ ते १०० मायक्रॉनचं, लाटून ताणलेलं. ऊन लागलं की ते आकसतं आणि कडेला गोंदाची काळी रेघ उघडी पडते. सपाट बाजू आणि काही आठवड्यांची जाहिरात असेल तर कॅलेंडर्ड चालतं. रिव्हेट, वळणं, नालीदार पत्रा असेल तर कास्टच घ्यावं. ठेकेदार स्वस्त माल लावून मोकळा होतो. निविदेत जाडी आणि प्रकार लिहिलेला नसेल तर त्याला अडवता येत नाही.

विनायल उचकटतं ते बहुतेक वेळा पृष्ठभाग नीट साफ न केल्यामुळे. बस आदल्या दिवशी धुवून पूर्ण वाळवावी, मग धूर, तेल आणि पॉलिशचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. सॉल्व्हंट (उडून जाणारं द्रावक) असलेल्या शाईची छपाई लॅमिनेशनआधी किमान २४ तास मोकळी सुकू द्यावी. घाई केली तर अडकलेलं सॉल्व्हंट गोंद मऊ करतं. पट्टे मागून पुढे लावत यावेत, म्हणजे पुढचा पट्टा मागच्यावर कौलासारखा चढतो आणि वारा किंवा धुलाईचा ब्रश सांध्यात शिरत नाही. रिव्हेटपाशी विनायल तंबूसारखं उभं राहतं. तिथे सुईने टोचून हवा काढावी, हीट गनने ऊब द्यावी आणि गोल ब्रशने दाबत बसवावं. नुसत्या बोटाने दाबलेला रिव्हेट काही दिवसांत पुन्हा फुगतो. काचेवरची फिल्म कोरडीच लावायची, पाणी मारून नाही, आणि रबरापासून काही मिलिमीटर आत कापायची. चालकाच्या काचा, संकटकालीन खिडक्या व त्यांच्यावरच्या सूचना, रिफ्लेक्टर, मार्गफलक आणि गाडीचा क्रमांक यांना हात लावायचा नाही.

काढतानाचा खर्च कोणी धरत नाही. उन्हाने करपलेलं विनायल सलग न निघता तुकड्यातुकड्याने निघतं. पुट्टी लावून पुन्हा रंगवलेल्या भागावरचा रंगही सोबत येऊ शकतो. म्हणून लावण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो घेऊन दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि काढण्याची व रंगदुरुस्तीची जबाबदारी करारात ठेकेदारावर टाकावी.

आता पैशाचं. समजा, लावायला एक आणि काढायला एक दिवस बस आगारात उभी राहिली. २८ दिवसांच्या जाहिरातीत हे दोन दिवस म्हणजे सुमारे ७ टक्के; वर्षभराच्या जाहिरातीत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणून पूर्ण बससाठी किमान मुदत ठेवावी आणि छोट्या मुदतीच्या जाहिरातदाराला खिडकीखालच्या पट्ट्या द्याव्यात. त्या चौकटीतल्या असतील तर रात्रीच्या फेरीनंतर बदलता येतात. करारात किमान हमी रक्कम किंवा उत्पन्नातला वाटा, यांपैकी जे जास्त असेल ते, असं कलम हवं. वाटा एकूण बिलावर मागावा. 'निव्वळ' उत्पन्नावर मान्य केला की मधली कमिशनं वजा होत जातात आणि हाती फारसं उरत नाही. हिशेब तपासण्याचा हक्कही सोडू नये.

जाहिरातदाराला ठरावीक मार्ग हवा असतो, पण संस्थेने बस अमुक आगाराची असेल एवढीच हमी द्यावी, मार्गाची नाही. मार्गाची हमी दिली की बिघडलेल्या गाडीच्या जागी कोणती बस सोडायची हे जाहिरात विभाग ठरवू लागतो.

बसला हात न लावता पैसे हवे असतील तर थांब्यांचा पर्याय जुना आणि चांगला आहे. १९६४ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात जेसीदेको या जाहिरात कंपनीने जाहिरातीच्या बदल्यात निवारे बांधून देखभाल करण्याची पद्धत सुरू केली. तिथेही मजकुराचे नियम करार होण्याआधीच छापून द्यावेत. लंडनच्या परिवहन संस्थेने फेब्रुवारी २०१९ पासून जास्त मेद, मीठ किंवा साखर असलेल्या खाद्यपदार्थांच्या जाहिराती आपल्या सगळ्या जागांवरून बंद केल्या. असा निर्णय चालू कराराच्या मध्येच घ्यावा लागला तर ठेकेदार हमी रक्कम कमी करून मागतो, म्हणून नियम बदलण्याचा हक्क आणि त्याचा हमीवर होणारा परिणाम पहिल्याच मसुद्यात लिहून घ्यावा.