पवईची रँक आणि अमेरिकेचा स्कोअर

मुलुंडला बहिणीकडे जेवणाच्या टेबलावर भाचीच्या पुस्तकांचे दोन गठ्ठे आहेत, एक जेईईचा, एक अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीच्या एसएटीचा. दोन्ही परीक्षाच, पण वजन सारखं नाही.

पवईच्या आयआयटीत बी.टेक.साठी जेईई अ‍ॅडव्हान्स्डची रँक म्हणजे सर्व काही. बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते. खुल्या गटाला ७५ टक्के, नाहीतर बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये. पुढे ९५ टक्के मिळाले तरी रँक तसूभर हलत नाही. एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर, आणि सलग दोन वर्षांत दोनच संधी. त्याच दिवशी ताप चढला तर? मला हे फार कठोर वाटतं. तरी महागडा सल्लागार न परवडणाऱ्या चाळीतल्या मुलाचा पेपरही त्याच मापाने तपासला जातो, ही मोठी गोष्ट आहे.

एसएटी १६०० गुणांची, पुन्हा देता येते. तिथे स्कोअरने दार किलकिलं होतं, इतकंच. शाळेचे गुण, निबंध, शिक्षकांची पत्रं सगळं सोबत वाचतात. नियमही विद्यापीठागणिक वेगळे. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, हार्वर्डने २०२४ मध्ये. बर्कलीत प्रवेश ठरवताना स्कोअर बघतच नाहीत.

सरावात भाचीला १४८० मिळाले. “मावशी, अजून वाढवू का?” मी म्हटलं, “आधी निबंध पुरा कर.” तो अजून दीड पानावरच अडलाय.