दख्खनच्या बेसॉल्टसाठी नीडल प्रोब घ्यावा का?

पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता मोजायची, तर बोअरमध्ये खोलीनुसार तापमान किती वाढते आणि तिथल्या खडकाची औष्णिक वाहकता किती, हे दोन्ही ठाऊक असावे लागते. दोहोंचा गुणाकार म्हणजे उष्णताप्रवाह. वाहकतेच्या मोजणीसाठी आमच्या प्रयोगशाळेने हातात मावणारा नीडल प्रोब घेतला. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढील बहुतेक अडचणी या पद्धतीच्याच आहेत.

स्टीलच्या सुईत तापणारी तार आणि तापमापक असतो. तार तापू लागली की तापमान वेळेच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात चढते, आणि त्या रेषेचा चढ जितका कमी तितकी वाहकता जास्त. ग्लिसरीनमध्ये तपासणी केली तेव्हा अपेक्षेप्रमाणे 0.285 वॉट प्रति मीटर-केल्विनच्या (वाहकतेचे एकक) आसपासचे वाचन मिळाले, आणि ओल्या चिकणमातीतही आकडे पुन्हा पुन्हा जुळले. समुद्रतळाच्या गाळासाठी ही पद्धत 1950 च्या दशकापासून वापरात आहे, ते उगाच नव्हे.

बेसॉल्टशी गाठ पडली की मात्र प्रोबची दमछाक होते. कोअरमध्ये, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दंडगोलात, पाडलेले भोक किंचित जरी सैल झाले तरी सुईभोवती हवा राहते, आणि हवेची वाहकता जेमतेम 0.026 असल्याने मोजणी बिघडते. थर्मल पेस्ट भरूनही हा दोष पुरता जात नाही. सच्छिद्र थरातला कोअर कोरडा मोजला तर एक आकडा येतो, पाण्यात मुरवून मोजला तर दुसरा. भूजलपातळीखालच्या नमुन्यासाठी अर्थातच मुरवलेला धरायचा, पण माहितीपुस्तिकेत याविषयी अवाक्षर नाही.

एवढा काटेकोरपणा फाजील वाटेल. परंतु कोयना-लातूर पट्ट्यात उष्णताप्रवाह दर चौरस मीटरला 40 मिलिवॉटच्या आसपास आहे, म्हणजे 100 चौरस मीटर जमिनीतून अवघे 4 वॉट, लहानशा एलईडी दिव्याइतके. वाहकतेत 10 टक्के चूक झाली की उत्तरातही तेवढीच उतरते, मग बोअरमधले तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलेले असले तरी ती भरून निघत नाही.

म्हणून ज्यांचे काम मुख्यतः कोअरवर चालते, त्यांनी चकत्या कापून घेण्याचा खटाटोप पत्करावा आणि डिव्हायडेड बारकडे, म्हणजे खडकाची चकती दोन दांड्यांमध्ये धरून वाहकता मोजणाऱ्या उपकरणाकडे, वळावे. माती किंवा गाळ मोजणाऱ्यांनी हा प्रोब खुशाल घ्यावा. फक्त नमुना एसीच्या झोतापासून दूर ठेवावा, दोन वाचनांमध्ये तो निवू द्यावा आणि केबलचा जोड नाजूक असल्याने जास्तीची सुई आधीच मागवून ठेवावी.