लिनक्स मिंट २२: टायपिंगच्या दुकानातले अकरा महिने

नागपुरात सिव्हिल लाइन्सला, कोर्टापासून चालत जाता येईल इतक्यावर, माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. शपथपत्रं, भाडेकरार, फेरफाराचे अर्ज. कॉम्प्युटर एकच: चौथ्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम, बर्डीच्या बाजारातून आणून मागाहून बसवलेली एसएसडी. मशीन धडधाकट आहे, पण विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे तिथं त्याचा नंबर लागणार नव्हता. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होते. २०१५ पासून दहा वर्षं मिळाले, त्याबद्दल माझी कुरकुर नाही. फक्त चालतं मशीन भंगारात द्यायला हात धजेना. म्हणून २०२४ च्या दसऱ्याच्या सुट्टीत, विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स मिंट बसवलं.

मिंट २२ जुलै २०२४ मध्ये आलं. पाया उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सचा, अपडेट २०२९ पर्यंत. प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. हिचं विल्मा, जानेवारी २०२५ मध्ये शिया आली, सप्टेंबर २०२५ मध्ये झारा. मिंटवर नेहमीचा आक्षेप असा की यात नवीन काही नसतं. तोच गुण पाहून मी ते घेतलं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना काही बदललंय हे कळलंही नाही.

बसवायला अर्धा तास लागला. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून पाहता येतं, हे फार बरं. डाउनलोड केलेली फाइल मात्र चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का ते दाखवणारा आकडा, जुळवून तपासून घ्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या वेबसाइटवर हल्ला होऊन लोकांच्या हातात भेसळीची फाइल पडली होती.

खरा घोळ निघाला तो मराठीचा, आणि त्यात मिंटचा दोष शून्य. आमचं दहा वर्षांचं काम जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळीकडे चालणारा स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या आधीच्या. त्या फॉन्टमध्ये आतून असतात इंग्रजी अक्षरंच, वरून फक्त मराठीचा मुखवटा. फॉन्टची फाइल मिंटमध्ये टाकली की जुनं पान दिसतं आणि छापताही येतं. पण त्या फॉन्टसोबतचा कीबोर्डचा प्रोग्राम विंडोजचाच, तो इथं चालत नाही. मग जुन्या मजकुराचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर लावून पाहिला. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, युनिकोडमध्ये उलट. शिवाय रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. शपथपत्रात 'अर्जदार'चा रफार सरकला तर गिऱ्हाईक सोडेल, वकील सोडणार नाही.

शेवटी ठरवलं, इथून पुढे इनस्क्रिप्टच, म्हणजे युनिकोडमध्ये टाइप करायची कीबोर्डची मांडणी. आमच्याकडे टायपिंगला ताई आहेत, चौदा वर्षं झाली. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "माझी बोटं इतकी वर्षं एका रस्त्यानं गेली भाऊ, आता तुम्ही वन-वे करून राहिले." पहिले तीन आठवडे त्यांचा वेग निम्म्यावर आला. संध्याकाळी उरलेलं काम मी बसून काढत होतो. त्यांचं घोडं अडलं ते 'शेतकऱ्यांना' या शब्दावर. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, की 'ऱ्य' हातात येतो. साधा र घेतला की 'शेतकर्यांना' उमटतं. सातबाऱ्याच्या कामात हा शब्द पानाला चारदा. आता ताई तो न बघता मारतात.

दुसरी गोष्ट बारीक, पण आमच्या धंद्यात महत्त्वाची. लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे इथल्या वर्डसारख्या प्रोग्राममध्ये, मजकुराची भाषा हिंदी राहिली की ल आणि श हिंदी वळणाचे येतात. भाषा मराठी केली आणि फॉन्टमध्ये सोय असली की आपले ल, श येतात. ही सेटिंग सापडेपर्यंत मी उगाच चार फॉन्ट बदलले.

प्रिंटरनं दोन दिवस खाल्ले. कंपनीचं नाव घेत नाही. तिचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, फक्त विंडोजचा, मग दुसऱ्या मॉडेलचा मोकळा (ओपन सोर्स) ड्रायव्हर लावून काम भागलं. पण कागदाचा आकार 'लेटर' राहून गेला होता. पहिलंच शपथपत्र लीगल कागदावर काढलं आणि ते काका पाच मिनिटांत परत: "काहून जी, सहीची जागा कुठं गेली?" खालच्या तीन ओळी छापल्याच नव्हत्या. पान फुकट काढून दिलं.

बाकीचं थोडक्यात. सुरू व्हायला वीस-बावीस सेकंद. मे महिन्यात कूलर घरघरत असताना, दुकानात बसवत नाही अशा उकाड्यातही मशीन अडकलं नाही. कामाच्या मध्ये अपडेट होऊन आपोआप रीस्टार्ट, हा प्रकार नाही. मार्चमध्ये एका अपडेटनंतर वायफायचा डोंगल मेला, तेव्हा मशीनची आधीची स्थिती जपून ठेवणाऱ्या टाइमशिफ्ट या प्रोग्रामनं कालच्या स्थितीवर परत आणलं. हे टाइमशिफ्ट पहिल्या दिवशीच चालू करा, नंतर करू म्हणालात की राहतं.

जमलं नाही ते एकच: डिजिटल सहीचा यूएसबी टोकन. तेवढ्यासाठी पोराचा लॅपटॉप मागावा लागतो आणि तो भाव खातो.

जुन्या फाइली तशाच पडून आहेत. परवा एक गृहस्थ २०१६ च्या भाडेकराराची झेरॉक्स घेऊन आले, "हेच पुन्हा काढून द्या, फक्त तारीख बदला." फाइल उघडली, ताईंनी पाहिली आणि झाकली. सगळं नव्यानं टाइप केलं, वीस मिनिटांत. पैसे मी तारीख बदलण्याचेच घेतले.