द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरसाठी बनवून घेतलेला सायलेन्सर आणि '३०४'च्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

आमची दिंडोरी तालुक्यात पावणेतीन एकर द्राक्षबाग आहे आणि तिच्यातली फवारणी, आंतरमशागत, खतांची ओढाताण ही सगळी कामे २२ अश्वशक्तीच्या एका जुन्या छोट्या ट्रॅक्टरवर चालतात. हा ट्रॅक्टर खास बागेसाठी बनवलेला नसल्यामुळे त्याचा सायलेन्सर बोनेटच्या वर उभा होता. मंडपाखालून जाताना त्याचे टोक तारांना घासायचे, ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) हलायचे आणि धुराच्या गरम झोताने वरची कोवळी पाने करपायची. ज्यांची बाग मंडपावर आहे त्यांना हा त्रास सांगायला नको. अडीच-तीन महिन्यांच्या घडांना झळ लागली की त्या ओळीतला माल निर्यातीच्या प्रतीतून बाहेर पडतो. म्हणून ऑक्टोबर छाटणीच्या आधी उभा सायलेन्सर काढून इंजिनाच्या बाजूने खाली उतरणारा आणि मागे चाकाजवळ धूर सोडणारा आडवा सायलेन्सर बनवून घ्यायचे मी ठरवले. हा निर्णय चुकीचा नव्हता. असे काम अनेकांनी चांगले करून घेतलेले मी पाहिले आहे. मी ते कोणाकडून आणि कशा पद्धतीने करून घेतले, तिथे घात झाला. तो तपशिलाने लिहितो आहे, कारण या हंगामातही अनेक जण असे काम काढणार आहेत.

महामार्गालगत एक फॅब्रिकेशनचे दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार सध्या ग्राहक आयोगापुढे आहे. त्या दुकानदाराने मोबाइलवर चकाकत्या सायलेन्सरांचे व्हिडिओ दाखवले आणि म्हणाला, "दादा, आपल्याकडे ३०४ शिवाय पाइप येतच नाही, १६ गेज, आतून जाळीचा पाइप, ग्लासवुल, आर्गन वेल्डिंग, वर्षभर काही झालं तर मी बसलोय." ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलची एक चांगली प्रत, गेज म्हणजे पत्र्याची जाडी आणि ग्लासवुल म्हणजे आवाज शोषणारा काचेच्या तंतूंचा कापूस. मग त्याने एका पाइपाला लोहचुंबक लावून दाखवले. चुंबक चिकटले नाही आणि त्यावर माझा विश्वास बसला. किंमत १४,५०० रुपये ठरली. त्यातले १०,००० आगाऊ आणि बाकीचे बसवताना द्यायचे होते. बिल मागितले तेव्हा त्याने "बिल केलं तर १८ टक्के वाढतील" एवढेच सांगितले आणि मीही २,६०० रुपये वाचवायच्या मोहाने गप्प बसलो. पुढे मला सर्वात महागात पडलेला निर्णय हाच. त्या दिवशी त्याने आणखी एक गोष्ट केली आणि तिचा अर्थ मला फार उशिरा कळला. माझा मूळ सायलेन्सर आणि मॅनिफोल्डवरचा, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर येतो त्या तोंडावरचा, मूळ एल्बो (वाकडा जोड) त्याने "मापाला लागेल" म्हणून ठेवून घेतला आणि नंतर "जुना लोखंडी होता, त्याचे पाचशे कमी केले" असे सांगून परत दिलाच नाही.

काम त्याने आठ दिवसांत केले. दिसायला सायलेन्सर उत्तम होता. बफिंग केलेला, आरशासारखा, टोकाला तिरपा कापलेला. आमच्या वस्तीवर चार जण तो पाहायला आले. ट्रॅक्टर सुरू केल्यावर आवाजही आधीपेक्षा कमी आला. तो कमी का आला हे तेव्हा मी विचारायला हवे होते.

पहिले पाच-सहा तास काहीच कळले नाही, कारण ते रोटाव्हेटर न लावता झालेले साधे फेरे होते. खरी परीक्षा ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध फवारणारे यंत्र, जोडल्यावर झाली. छाटणीनंतर पाऊस पडला, डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने एका दिवसात संपूर्ण बाग फवारायची होती आणि पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर) ब्लोअरसाठी मिनिटाला ५४० फेरे टिकवायला हवे होते. ट्रॅक्टर चौथ्या-पाचव्या ओळीतच दबू लागला. ॲक्सिलेटर पूर्ण उघडला तरी फेरे पडत होते, काळा धूर येत होता आणि जळक्या कापडासारखा वास येत होता. फेरे पडले की ब्लोअरच्या पंख्याची हवा कमी होते आणि फवारा पानाच्या मागच्या बाजूपर्यंत नीट पोहोचत नाही. डाऊनीची बुरशी तर पानाच्या मागच्याच बाजूला वाढते. तीन ओळी पुन्हा फवाराव्या लागल्या आणि त्या दिवशी औषधाचे नुकसान झाले ते वेगळेच. मी डिझेल फिल्टर बदलला, एअर क्लीनर धुतला, एका मेकॅनिककडून नोझल तपासून घेतले. त्या सगळ्यात मिळून साडेतीन हजार गेले आणि दोष तिथे नव्हताच.

एकोणिसाव्या दिवशी फ्लँजजवळचे (पाइप बोल्टने जोडायच्या चकतीजवळचे) वेल्डिंग तडकले. मला दिलेल्या शब्दाप्रमाणे तिथे लवचीक जोड, म्हणजे आपण ज्याला बेलोज म्हणतो तो, बसवायला हवा होता. इंजिन रबरी माउंटिंगवर किंवा चेसिसवर कसेही बसवलेले असले तरी ते थरथरते, आणि एक टोक इंजिनाला व दुसरे टोक फुटरेस्टला पक्के बांधले तर मधला सांधा तुटणारच. तडकलेल्या जागेतून येणारा झोत थेट हायड्रॉलिकच्या होजवर जात होता. माझ्या मुलाने होजचे रबर फुगलेले वेळेवर पाहिले. गरम तेल उडाले असते तर काय झाले असते याचा विचार आजही नकोसा वाटतो. शिवाय पाइप डिझेलच्या नळीपासून दोन बोटेही दूर नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११३ व्या नियमानुसार धुराचा पाइप इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नसावा. हे अंतर मोजायला पट्टी लागते आणि एक मिनिट लागते. मी ते मोजले नव्हते.

त्या संध्याकाळी सायलेन्सर उतरवून मी तो पिंपळगावच्या एका ओळखीच्या टर्नरकडे नेला. त्याने तो व्हाइसमध्ये धरला आणि ग्राइंडरने लांबीच्या बाजूने कापला. आतून निघालेला माल मी फोटो काढून ठेवला आहे. जाळीच्या पाइपऐवजी मोटारसायकलच्या सायलेन्सरमधला गंजलेला, २५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा लोखंडी पाइप होता आणि त्याला हाताने पाडलेली मोजकी भोके होती. त्याच्या भोवती ग्लासवुल नव्हते. तिथे वर्कशॉपमध्ये हात पुसायला वापरतात तो सुती चिंध्यांचा बोळा कोंबलेला होता आणि तो अर्धा जळून काळा झाला होता. जळक्या कापडाचा वास कुठून येत होता ते तेव्हा समजले. बाहेरच्या पाइपाचा आतला व्यास सुमारे ४० मिलिमीटर असताना आत २५ चा पाइप घातल्यामुळे धूर जाण्याची वाट निम्म्याहूनही कमी झाली होती, कारण व्यास जेवढ्या पटीने कमी होतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात क्षेत्रफळ घटते. इंजिनाला श्वास सोडायलाच जागा नसेल तर ते लोड कसे घेईल? आवाज कमी येण्याचे कारणही हेच होते.

'३०४'चा खुलासा मात्र टर्नरने केला नाही. तो सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका भंगार व्यापाऱ्याने केला. तुम्हाला स्टेनलेसबद्दल खरी माहिती हवी असेल तर विकणाऱ्यापेक्षा भंगार घेणाऱ्याला विचारावे, असे माझे मत झाले आहे, कारण प्रत ओळखण्यात चूक झाली तर नुकसान त्याचे स्वतःचे होते. त्याने तुकडा घासून स्वच्छ केला, बॅटरीच्या तारा लावून रसायनाचा एक थेंब टाकला आणि काही सेकंदांत थेंब लालसर झाला. "हा दोनशेच्या मालिकेतला आहे," तो म्हणाला. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. दोनशेच्या मालिकेतल्या २०२ मध्ये महागड्या निकेलचे प्रमाण कमी करून त्याच्या जागी मँगनीज वाढवलेले असते, म्हणून तो स्वस्त पडतो आणि ओल, खतांचे क्षार व औषधांच्या फवाऱ्यात लवकर डागाळतो. मुख्य मुद्दा असा की २०२ लाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे मला दाखवलेल्या चुंबकाच्या प्रयोगाने ३०४ आणि २०२ यातला फरक कळूच शकत नव्हता. उलट गाड्यांच्या सायलेन्सरसाठी कारखान्यात सर्रास वापरला जाणारा ४०९ प्रतीचा चांगला पत्रा चुंबकाला चिकटतो. चुंबक हातात घेऊन जो तुम्हाला खात्री देतो आहे, त्याला याची कल्पना असतेच.

गेजचीही तीच गत. १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर जाडी. जाडी मोजायचे व्हर्नियर लावल्यावर माझ्या पाइपाची जाडी १ मिलिमीटर भरली. तोंडाशी मात्र आतून एक रिंग वेल्ड करून कड जाड दाखवलेली होती, त्यामुळे टोकाला बोट फिरवणाऱ्याला पाइप भरीव वाटायचा. टर्नरने मला वजनाचा हिशोब शिकवला आणि तो मी इथे मुद्दाम देतो आहे. बाहेरचा व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४९. व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये घेतली की स्टेनलेसच्या एक मीटर पाइपाचे वजन किलोत येते. ४२ मिलिमीटर व्यासाचा १.६ जाडीचा पाइप मीटरला सुमारे १ किलो ६०० ग्रॅम भरायला हवा. माझा सरळ तुकडा त्या मानाने १ किलो २० ग्रॅमच्या आसपास होता. पाइप कापण्याआधी तो किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला असता तरी एवढा फरक लपला नसता.

मी दुकानदाराकडे परत गेलो. पहिल्या दिवशी तो म्हणाला की तुम्ही ट्रॅक्टर ओव्हरलोड चालवला. दुसऱ्या दिवशी म्हणाला की तुम्ही सायलेन्सर दुसरीकडे कापला म्हणून वॉरंटी संपली. मूळ सायलेन्सर मागितला तर तो भंगारात गेल्याचे सांगितले. त्यानंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केला. मूळ भाग त्याच्याकडे ठेवून घेण्याचा हेतू इथे उघड झाला, कारण तो माझ्याकडे असता तर मी त्याच दिवशी जुना सायलेन्सर चढवून फवारणी सुरू ठेवली असती. हातात दुसरा पर्याय नसलेला शेतकरी, तोही छाटणीच्या आठवड्यात, "अजून दोन हजार द्या, दुरुस्त करून देतो" याला तयार होतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. मी ते दोन हजार दिले नाहीत, पण मला नवा मूळ सायलेन्सर आणि एल्बो कंपनीच्या डीलरकडून मागवावा लागला आणि तो यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस शेजारच्या मळ्यातला ट्रॅक्टर भाड्याने आणला.

पोलीस ठाण्यात हे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे असे सांगण्यात आले. तेव्हा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि त्यांच्या सांगण्यावरून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. शेतकरी स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू वापरत असेल तर तो ग्राहकच ठरतो, त्यामुळे "हा तर धंद्याचा वापर" या युक्तिवादाला घाबरायचे कारण नाही. माझ्या बाजूला अडचण आहे ती बिलाची. माझ्याकडे आगाऊ दहा हजारांचा यूपीआय व्यवहार आहे, "३०४, १६ गेज, एक वर्ष" असे त्याने स्वतः टाइप केलेले दोन व्हॉट्सॲप संदेश आहेत आणि कापलेला सायलेन्सर आहे. उरलेले चार हजार मी रोख दिले आणि त्यांचा कुठेही पुरावा नाही.

नवीन काम मी हंगाम संपल्यावर त्याच पिंपळगावच्या टर्नरकडून करून घेतले. पाइप मी स्वतः नाशिकहून पक्क्या बिलावर आणला. बिलावर प्रत आणि जाडी लिहून घेतली आणि एक तुकडा भंगारवाल्याकडे तपासला. सायलेन्सरचे दोन्ही अर्धे बंद करण्यापूर्वी त्याने मला बोलावले, आतली जाळी आणि ग्लासवुल दाखवले, मी फोटो काढले आणि मगच त्याने झाकण वेल्ड केले. फ्लँजनंतर बेलोज आहे, गिअरबॉक्सच्या बोल्टवरून वेगळी ब्रॅकेट घेतली आहे आणि धुराचे तोंड चालकापासून दूर, उजवीकडे मागे आहे. मंडपाखाली हवा कोंडते आणि डिझेलचा धूर तोंडावर येत राहणे धोक्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेल इंजिनाच्या धुराला मानवात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. जुन्या दुकानदाराने तोंड सीटच्या अगदी खाली सोडले होते आणि फवारणीनंतर माझ्या मुलाचे डोके दुखायचे, त्याचे कारण आम्ही औषधात शोधत होतो.

मूळ सायलेन्सर या वेळी माझ्या शेडमध्येच राहिला. कापलेल्या सायलेन्सरचे दोन्ही अर्धे, जळालेल्या चिंध्यांचा बोळा आणि टर्नरच्या सहीचा मापांचा कागद मी एका गोणीत बांधून त्याच्याच शेजारी ठेवला आहे. आयोगापुढची पुढची तारीख लागली की ती गोणी ट्रॅक्टरवर टाकून नाशिकला न्यायची आहे.