हापचॉन की गोचांग? कोरियाच्या ग्रामीण भागासाठी दोनच दिवस असतील तर

सोल पाहून झाले, बुसान झाले, ग्योंगजूही झाले आणि हातात दोन दिवस उरले, की बऱ्याच जणांना वाटते, आता जरा गावाकडे जाऊ. कोरियात ग्रामीण भागाचे 'गुन' असतात, साधारण आपल्या तालुक्यासारखे. वारशासाठी जायचे तर माझ्या मते निवड दोन गुनांत आहे: दक्षिण ग्योंगसांग प्रांतातले हापचॉन आणि उत्तर जोल्ला प्रांतातले गोचांग. दोन्ही एकाच फेरीत कोंबायचा मोह टाळा. मध्ये डोंगररांगा आहेत, आणि बस बदलता बदलता एक दिवस हातचा जाईल.

आधी एक गैरसमज दूर करतो. गोचांगचा गोचुजांग या तिखट लाल चटणीशी संबंध नाही. ती चटणी ज्याच्यासाठी प्रसिद्ध आहे ते सुनचांग, त्याच प्रांतातले दुसरे गुन.

हापचॉनला माणूस एका गोष्टीसाठी जातो: गाया डोंगरातले हेइन्सा मंदिर. सन ८०२ मध्ये स्थापन झालेल्या या मंदिरात बौद्ध त्रिपिटकाच्या ८१ हजारांहून जास्त लाकडी छापपाट्या आहेत. मंगोल स्वाऱ्यांत १२३२ साली आधीचा संच जळाला, म्हणून कोरियातल्या तेव्हाच्या गोर्यो राजवटीने तेराव्या शतकाच्या मध्यावर हा दुसरा कोरून घेतला. शत्रू दारात असताना राजसत्ता सोळा वर्षे अक्षरे कोरवून घेत होती, कारण बुद्धवचनाच्या पुण्याने देश वाचेल अशी श्रद्धा होती. देश तेव्हा वाचला नाही, पाट्या मात्र वाचल्या. त्यांवर सुमारे पाच कोटी वीस लाख चिनी अक्षरे आहेत. आपल्याला यात जास्तीचे कुतूहल वाटायला कारण आहे: त्यातला मोठा भाग भारतातून चीनमध्ये गेलेल्या संस्कृत आणि प्राकृत ग्रंथांची भाषांतरे आहेत. मंदिराचे नावही अवतंसक सूत्र या बौद्ध ग्रंथातल्या 'सागरमुद्रा' समाधीवरून आले आहे.

मला पाट्यांपेक्षा त्यांची कोठारे जास्त आवडतात. पंधराव्या शतकातली, साधी, लांबट, बिनरंगाची. पुढच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान. मागच्या भिंतीत नेमके उलट. वारा एकीकडून शिरतो, आत फिरतो, दुसरीकडून बाहेर पडतो. जमिनीत कोळसा, चुना आणि मीठ घातलेले, म्हणजे पावसाळ्यात ओल शोषली जाते आणि कोरड्या हवेत परत सुटते. १९७०च्या दशकात सरकारने नवी आधुनिक इमारत बांधली, काही पाट्या तिथे ठेवून पाहिल्या, त्यांना बुरशी धरू लागली आणि त्या मुकाट्याने जुन्या जागी परत आल्या, असे सांगतात. कोरियन युद्धात १९५१ साली वैमानिक किम योंग-ह्वान यांनी इथे बॉम्ब टाकायचा हुकूम पाळला नाही. तसे झाले नसते तर आज हा लेख एकाच गुनाबद्दल असता. १९९५मध्ये कोठारे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, २००७मध्ये पाट्याही युनेस्कोच्या दस्तऐवज-वारसा नोंदीत आल्या.

पण निर्णय घेणाऱ्याने हे माहीत करून घ्यावे: पाट्या हातात घेऊन बघायला मिळत नाहीत. बहुतेक लोक लाकडी गजांतून आत डोकावतात, अंधारात उभ्या रांगा दिसतात, तेवढेच. मोजक्या लोकांना आधी नोंदणी करून आत नेण्याची सोय २०२१मध्ये सुरू झाली. ती सध्या मिळते का, हे निघण्याआधी बघा. गजांतून दिसणाऱ्या अंधारासाठी एवढा प्रवास करायची तुमची तयारी आहे का, हा खरा प्रश्न. माझी आहे. सोबत दहा वर्षांची मुले असतील तर नसेल.

हापचॉनमध्ये आणखीही आहे. ओकजॉनच्या टेकडीवर गाया या प्राचीन राजवटींच्या काळातल्या थडग्यांचे उंचवटे आहेत, २०२३मध्ये तेही वारसा यादीत आले. हिरोशिमात राबायला गेलेल्या कोरियन माणसांत हापचॉनची माणसे इतकी होती की या गुनाला 'कोरियाचे हिरोशिमा' म्हणतात. अणुबॉम्बग्रस्तांचे संग्रहालय २०१७मध्ये उघडले. अडचण अशी की हेइन्सा गुनाच्या एका टोकाला आहे. तिथली बस देगू शहराच्या पश्चिम बसस्थानकातून सुटते, दीड तासात पोचते. हापचॉन गावात जायची गरजच पडत नाही. गाडी नसेल तर हापचॉन म्हणजे हेइन्सा, एवढेच धरून चाला.

गोचांगमध्ये अशी एक मोठी गोष्ट नाही. आकाराने हे गुन साधारण सोलएवढे, पण वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. मेसान गावाजवळ डोंगराच्या पायथ्याशी चारशे चाळीसहून जास्त डोल्मेन पसरलेत, ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातली दगडी थडगी. कोरियन भाषेत 'गोइंदोल', म्हणजे टेकू दिलेला दगड. काही टेबलासारखे उंच, काही नुसते जाड धोंडे बुटक्या दगडांवर टेकवलेले. दोन्ही तऱ्हा शेजारीशेजारी दिसतात. सगळ्यांत मोठ्या दगडांचे वजन ३०० टनांपर्यंत सांगतात. २००० साली ह्वासुन आणि गांगह्वा इथल्या डोल्मेनांसह हे वारसा यादीत आले. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना इथे रमायला वेळ लागणार नाही. इथे गजांतून डोकवायचे नाही. वाटेने दगडांमधून चालत जायचे.

गावातच मोयांगसॉन्ग हा किल्ला आहे, परीघ १,६८४ मीटर. डोक्यावर दगड घेऊन बायका याच्या तटावरून फेऱ्या मारतात: एका फेरीने पायाचे दुखणे जाते, दोनने दीर्घायुष्य, तीनने स्वर्ग. अधिक महिन्यात याचे पुण्य जास्त मानतात, हे ऐकून आपल्याकडच्या आजीही मान डोलावतील. व्यवहारी अर्थ असा सांगतात की चालण्याने तटाची माती दबते आणि शेवटी टाकलेले दगड जपानी चाच्यांवर फेकायला साठतात.

किल्ल्याच्या पायथ्याशी शिन जे-ह्यो यांचे घर आणि पान्सोरी संग्रहालय आहे. पान्सोरी म्हणजे एक गायक, एक ढोलवादक आणि तासन् तास चालणारी एकच कथा. एकोणिसाव्या शतकातल्या या कारकुनी पेशाच्या माणसाने सहा पान्सोरींची संहिता नीट लावली आणि त्या वेळी फक्त पुरुषांचे असलेले हे गाणे जिन चे-सॉन या मुलीला शिकवले.

सोनुन्सा मंदिर बसने थोडे दूर. मार्च-अखेरीपासून एप्रिलपर्यंत मागच्या कॅमेलियाच्या रानासाठी, सप्टेंबरच्या उत्तरार्धात लाल स्पायडर लिलीसाठी. हेइन्साला मात्र ऑक्टोबरअखेर, पाने लाल झाल्यावर, आणि शेवटचा टप्पा ओढ्याच्या काठाने चालत. सोलहून गोचांगला थेट बस आहे, तीन-साडेतीन तासांची.

राहिले जेवण, आणि आपल्यापैकी अर्ध्या लोकांचा निर्णय इथेच होतो. गोचांगचा अभिमान म्हणजे भाजलेली ईल, म्हणजे सापासारखा लांबट मासा, आणि बोकबुंजा या काळ्या रासबेरीची वाइन. मासे खाणाऱ्याने डोळे मिटून गोचांगला जावे. शाकाहारी माणसाने हेइन्साला मुक्काम करावा: मंदिराच्या जेवणात मांस-मासे नाहीत, आणि कांदा-लसूणही नाही. बाहेरच्या हॉटेलांत डोंगरी भाज्या घातलेला भात, म्हणजे बिबिम्बाप, मिळतो. त्यात अंडे नको, हे आधीच सांगा. आणि सोबतच्या सूपमध्ये सुक्या मासळीचा अर्क असू शकतो, तेही विचारून घ्या.