लडाइट म्हणावं की स्टिक-इन-द-मड?

घरातल्या जुन्या वळणाच्या माणसावर इंग्रजीत चार ओळी लिहायला बसलं की गाडी एका शब्दाशी अडते: अशा माणसाला म्हणायचं काय? गेल्या पावसाळ्यात माझी अडली. आमचे मोठे बाबा अजून तिफणीनंच पेरतात. "ट्रॅक्टरनं वावर दबते," हे त्यांचं पालुपद.

‘फडी-डडी’ लगेच बाद. नुसता उच्चार ऐकूनच घरातली पोट्टी खिदळली आणि दोन दिवस तेच नाव चाललं. ‘ओल्ड फोगी’ बरा, पण स्कॉटलंडात तो म्हाताऱ्या, जायबंदी शिपायांसाठी वापरायचे. वयाचा वास काही सुटत नाही. पंचविशीतल्या हट्टी माणसासाठी पुढं ‘यंग’ जोडावं लागतं. ‘डायनोसॉर’ म्हटलं की मला वरोऱ्याजवळचं पिसदुरा आठवतं. तिथं जमिनीतून खरीच हाडं निघाली आहेत. जित्या माणसाला ते म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

उरले दोन.

लडाइट वजनदार आहे. १८११ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमकडच्या मोजे विणणाऱ्या कारागिरांनी मालकांचे विणमाग घणांनी फोडले. चिठ्ठ्या सोडल्या त्या नेड लडच्या नावानं, जो बहुधा कधी नव्हताच. १८१२ मध्ये माग फोडणाऱ्याला फाशीचा कायदा आला, तेव्हा कवी बायरन लॉर्डांच्या सभेत त्याविरुद्ध बोलला.

माझी चिडचिड इथूनच सुरू झाली. ही माणसं यंत्राला भीत नव्हती, ती स्वतः यंत्रावरच विणत होती. भांडण होतं ते पडलेल्या मजुरीचं आणि हलक्या मालाचं. आता मात्र लडाइट म्हणजे मोबाइल न येणारा, एवढंच लोक धरतात. माझा मजकूर वाचणाऱ्या पहिल्याच माणसानं विचारलं, "यांच्याकडे फोन नाही का?" आहे ना! सकाळी उठल्या उठल्या त्यावर कापसाचे भाव पाहतात. म्हणजे खुलासा दोनदा करायचा, आधी मोठ्या बाबांचा, मग त्या दोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांचा. एका शब्दामागं एवढी हमाली माझ्यानं होईना.

‘स्टिक-इन-द-मड’मध्येही, म्हणजे चिखलात रुतून बसलेल्यातही, खोट आहे. गंभीर लेखात तो पोरकट दिसेल, तिथं कदाचित लडाइटच शोभेल. शिवाय दुसऱ्यांच्या मजेवर विरजण घालणारा, अशी छटा त्यात येते, आणि आमचे मोठे बाबा तर पोळ्याला सगळ्यांच्या पुढं. पण काळ्या मातीतल्या माणसाला चिखल समजावून सांगावा लागत नाही. आषाढात बंडीचं चाक आसापर्यंत रुतलं की चाकाखाली पऱ्हाट्या टाकायच्या, एकानं बैलांपुढं उभं राहायचं, दोघांनी मागून खांदा लावायचा. बंडी तिथंच टाकून कोणी घरी जात नाही. ही सोय मला त्या शब्दात दिसते. इंग्रजांना दिसते की नाही, देव जाणे.

मी तोच ठेवला. तुमच्या घरचा माणूस खरंच नव्या यंत्राशी भांडत असेल, तर तुम्ही वेगळा विचार करा.

माझ्या पोरीनं मजकूर मोठ्या बाबांना वाचून दाखवला. त्यांनी त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी भीत भीत म्हणालो, "गाऱ्यात रुतलेला."

"मंग मार ना धक्का," ते म्हणाले, "उभा काय राह्यला?"