विज्ञानकथांचं पुस्तक छापायचंय? प्रेस चांगला, पण प्रूफ सोडू नका

बेळगावात खडेबाजारच्या मागं गल्लीत एक छोटा प्रेस हाय, तिथनं आमच्या ग्रुपच्या विज्ञानकथा नि कवितांचं पुस्तक छापून घेतलं. मालक अण्णा घरी कन्नड बोलतात पण मराठी झकास, मंगळावर गेलेल्याची कविता वाचून विचारलं की ओ, 'ह्यो परत येतोय का न्हाई?', एवढं कोण वाचतंय सांगा!

कागद, पिन बायंडिंग मस्त. पानं चारच्या पटीत लागतात म्हणून शेवटी दोन कोरी राहायली होती, तर अण्णांनीच अजून एक कविता मागून घेतली. त्रास डीटीपीत, म्हंजे कॉम्प्युटरवर पानं लावताना, युनिकोड (मोबाईलवर टाइप करतो ते) फाइल प्रेसच्या जुन्या फॉन्टात ओढली की जोडाक्षरं फुटतात, 'गुरुत्वाकर्षण'चा रफार भलतीकडंच, कवितेच्या लांब ओळी पण तुटून खाली आलेल्या. प्रूफ, म्हंजे छापायच्या आधी तपासायची प्रत, कागदावरच मागा, मोबाईलवर कळत न्हाई.

आणि आयएसबीएनला, म्हंजे पुस्तकाच्या ओळख नंबराला, कुणाला पैसे देऊ नका, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर स्वतः अर्ज केला की फुकट मिळतंय, आमच्याकडं एका एजंटानं त्याचे पण मागितलेले.

पाचपैकी चार. गणपतीच्या आधी मात्र जाऊ नका, मशीन सगळं पावती पुस्तकांतच अडकलेलं असतंय.